काजूच्या ब्लेडला ३ मिमीचं होल: ड्रिल का तुटतं आणि काम कसं मार्गी लावावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुडाळजवळ छोटं वर्कशॉप आहे. काजू फोडायच्या मशीनची तयार, कडक केलेली ब्लेडं बाहेरून आणली आहेत आणि ती एचसीएचसीआरची, म्हणजे जास्त कार्बन आणि जास्त क्रोमियमच्या टूल स्टीलची आहेत असं पुरवठादार सांगतो. जाडी ६ मिमी. प्रत्येक ब्लेडला ३ मिमीची चार होलं मारून पिना बसवायच्या आहेत. ब्लेडं ४०, म्हणजे एकूण १६० होलं. हाताशी १३ मिमी चकाचं बेंच ड्रिल आहे. साधं एचएसएस (हायस्पीड स्टीलचं) ड्रिल नुसतंच किंचाळलं, कोबाल्ट मिसळलेल्या एचएसएसचं टोक निळं पडून गोल झालं, मग सॉलिड कार्बाइडची तीन ड्रिलं आणली तर तिन्ही तुटली आणि एकाचं टोक ब्लेडमध्येच अडकलं. शेवटी विचारलं आहे: "याहून चांगलं ड्रिल कुठल्या कंपनीचं मिळेल?"

कंपनी बदलून हा प्रश्न सुटणार नाही. तुमची पाच ड्रिलं दोन अगदी वेगळ्या कारणांनी गेली आहेत आणि ती कारणं वेगळी केली की पुढचा रस्ता बराच सरळ होतो. पहिली दोन गेली कारण ती जॉबपुढे, म्हणजे ब्लेडपुढे, मऊ होती. नंतरची तीन पुरेशी कठीण होती, पण त्यांना धरणारं मशीन त्यांच्या लायकीचं घट्ट नव्हतं.

आधी कठीणपणाचं बघू. एचसीएचसीआर, म्हणजे डी२ किंवा डी३, कडक करून टेम्पर केल्यावर (ठिसूळपणा कमी करायला परत थोडं तापवल्यावर) सहसा ५८ ते ६२ एचआरसीला असतं. एचआरसी हे कठीणपणाचं रॉकवेल माप. ६० एचआरसी म्हणजे विकर्स या दुसऱ्या मापात साधारण ७००. एचएसएस ड्रिल ६३ ते ६५ एचआरसीचं, म्हणजे विकर्समध्ये ८०० च्या आसपास. एम३५, एम४२ ही कोबाल्टवाली ड्रिलं आणखी थोडी वर. कापणारं आणि कापलं जाणारं यांत इतका थोडा फरक असेल तर ते विळीने विळी चिरायला घेतल्यासारखं होतं. टोक आत शिरत नाही, वर घासत राहतं, घासून तापतं आणि तापलं की उरलासुरला फरकही जातो. त्यात डी२ मध्ये सुमारे १.५ टक्के कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम असतं. या दोघांच्या संयुगाचे, म्हणजे कार्बाइडचे, बारीक कण स्टीलमध्ये विखुरलेले असतात आणि ते कण विकर्सवर १५०० च्या वर जातात. भातात खडे असावेत तसे. म्हणून ५८ एचआरसीचं डी२ हे ५८ एचआरसीच्या ओएचएनएसपेक्षा (तेलात कडक होणाऱ्या टूल स्टीलपेक्षा) ड्रिलची धार लवकर खातं, मीटरवर आकडा तोच दिसला तरी.

माझा ढोबळ हिशेब असा: ३५ एचआरसीपर्यंत चांगलं एचएसएस, ४५ पर्यंत एम३५ किंवा एम४२ सावकाश आणि भरपूर तेलात, त्यापुढे फक्त कार्बाइड. कार्बाइडला आपल्याकडे जुने मिस्त्री अजून विडिया म्हणतात. ते जर्मनीच्या क्रुप कंपनीने १९२० च्या दशकात आणलेल्या मालाचं नाव, जर्मन भाषेतल्या 'हिऱ्यासारखं' या शब्दांवरून घेतलेलं. नाव कठीणपणाच्या बाबतीत रास्त आहे. कार्बाइड विकर्सवर १५०० च्या पुढेच असतं, म्हणजे तुमच्या ब्लेडच्या दुपटीहून जास्त. पण ते वाकत नाही. एचएसएस ड्रिल थोडं वाकून सांभाळून घेतं, कार्बाइड सरळ मोडतं.

पुढचं सगळं ब्लेडचा खरा कठीणपणा किती यावर अवलंबून आहे आणि तो तुम्ही अजून मोजलेला नाही. पुरवठादाराच्या शब्दावर जाऊ नका. नवी बारीक कानस घ्या आणि ब्लेडच्या कोपऱ्यावर, धारेपासून लांब, चालवून बघा. सहज चावली तर ४० च्या आत. जोर लावल्यावर चावली तर ४५ ते ५५ च्या दरम्यान. काचेवरून सरकावी तशी सरकली आणि उलट कानसच चकाकली तर ६० च्या घरात. नेमका आकडा हवा असेल तर जवळच्या पॉलिटेक्निकच्या मेकॅनिकल विभागात सहसा रॉकवेल यंत्र असतं. एक ब्लेड घेऊन जा आणि दोन-तीन ठिकाणी आकडा घ्या. धारेजवळ आणि बसवायच्या बाजूला आकडा वेगळा निघाला तर नशीब समजा, कारण काही ब्लेडं फक्त धारेच्या बाजूलाच कडक केलेली असतात आणि मग ही सगळी चर्चा तुमच्यापुरती संपते.

दुसरी शक्यता वरच्या कातडीची. २०एमएनसीआर५ किंवा ईएन३५३ सारखं स्टील केस हार्डन केलेलं असेल तर वरचा सुमारे ०.५ ते १.५ मिमी थर ६० एचआरसीचा आणि आतला गाभा बराच मऊ. अशा जॉबला होलाच्या जागी छोट्या ग्राइंडिंग पॉइंटने कातडी काढायची आणि मग साधं कोबाल्ट ड्रिल चालवायचं. फक्त बाहेर पडताना खालची कातडीही लागते हे विसरू नका, तीही आधीच काढा. एचसीएचसीआर खरोखर असेल तर ते आरपार कडक असतं, त्याला हा उपाय लागू नाही.

तिसरी गोष्ट तुमच्या ब्लेडची नाही, पण किनाऱ्यावरच्या वर्कशॉपांत हा घोळ रोज होतो म्हणून सांगतो. बोटीच्या कामाला ३०४ किंवा ३१६ स्टेनलेस येतं आणि ड्रिल लागत नाही म्हणून "लोखंड कडक आहे" असं ठरवलं जातं. ते मुळात मऊच असतं. ड्रिल एका जागी घासत ठेवलं की घासल्या जागेचा पातळ थर कडक होतो आणि मग त्यावर काहीच चालत नाही. तिथे कमी फेरे, ठाम दाब आणि ताजी धार एवढंच हवं, कार्बाइडची गरज नाही.

आता तुटण्याकडे येतो, कारण तुमचे पैसे तिथेच जास्त गेले. ३ मिमीचं कार्बाइड ड्रिल फिरताना टोकाशी किती डगमगतं यावर त्याचं आयुष्य ठरतं. मी ०.०२ मिमीच्या आत धरतो, ०.०१ मिळालं तर उत्तम. चावीच्या १३ मिमी चकात धरलेलं ड्रिल ०.१ मिमी किंवा त्याहून जास्त डगमगणं अगदी सामान्य आहे. तुमच्याकडे डायल गेज असेल तर चकात ३ मिमीची डॉवेल पिन (नेमक्या मापाची कडक पिन) धरा, हाताने स्पिंडल फिरवा आणि चकापासून २० मिमीवर डायल लावून बघा. मग स्पिंडल हाताने आजूबाजूला आणि वर-खाली हलवून बघा. बेंच ड्रिलच्या क्विलमध्ये, म्हणजे स्पिंडल घेऊन वर-खाली सरकणाऱ्या नळीत, आडवी ढिलाई असतेच. प्रत्येक फेऱ्याला ड्रिल थोडं वाकतं, एकच धार सगळं काम करते आणि ती बारीक तुकड्यांनी झडते. धार झडली की दाब वाढतो आणि ड्रिल मोडतं. आपल्याला मोडलेलं दिसतं, झडलेली धार दिसत नाही. म्हणून वाटतं की ड्रिलच हलक्या दर्जाचं होतं.

एक-दोन ब्लेडं तातडीने करायची असतील तर मिलिंग मशीन गाठा. कुडाळ किंवा रत्नागिरीच्या एमआयडीसीत कुणाकडे एम१टीआर हे साधं मिलिंग मशीन असेल तर ते चालेल, व्हीएमसी (संगणकावर चालणारं उभं मिलिंग मशीन) असेल तर फारच छान. ड्रिल ईआर कोलेटमध्ये (ड्रिलला चहूबाजूंनी सारखं आवळणाऱ्या बुशमध्ये) धरायचं, कोलेट नेमका ३ मिमीचा घ्यायचा, आणि ड्रिल आखूड घ्यायचं, ज्याला स्टब म्हणतात ते. जॉबमध्ये ६ मिमी जायचं आहे, तर कोलेटबाहेर १५ ते १८ मिमी पुरे. ड्रिलचं टोक १४० अंशांचं असावं आणि कोटिंग अल्युमिनियम असलेलं, म्हणजे टायएएलएन किंवा एएलटायएन. सोनेरी रंगाचं साधं टायएन या कामाला फारसं उपयोगी नाही. 'कडक स्टीलसाठी' असं स्पष्ट सांगून मागा, कारण सर्वसाधारण कार्बाइड ड्रिलची धार जास्त तीक्ष्ण घासलेली असते आणि ६० एचआरसीत ती टिकत नाही.

सेंटर पंच मारू नका. ६० एचआरसीत तो उमटत नाही, उलट पंचाचंच टोक उडून डोळ्यात जायचं. आखूड ड्रिल आणि घट्ट मशीन असेल तर थेट सुरुवात केली तरी चालते. खूण हवीच असेल तर कार्बाइडचं स्पॉट ड्रिल वापरा, पण त्याचा कोन ड्रिलच्या कोनाहून मोठा हवा, १४० ला १४२ किंवा १४५. नेहमीचं ९० अंशांचं स्पॉट ड्रिल वापरलं तर मागून येणाऱ्या ड्रिलचे बाहेरचे दोन कोपरे आधी टेकतात, आणि कार्बाइडचे कोपरे हीच त्याची सर्वांत नाजूक जागा. कित्येक ड्रिलं अशी पहिल्या अर्ध्या मिलिमीटरमध्येच गेलेली असतात.

फेरे काढताना कापण्याचा वेग मिनिटाला १२ ते १५ मीटर धरा. ३ मिमीला त्याचे फेरे साधारण १,३०० ते १,६०० होतात. फीड, म्हणजे ड्रिल आत सरकण्याची चाल, दर फेऱ्याला ०.०२ मिमी. १,५०० फेऱ्यांना मिनिटाला ३० मिमी पडले, म्हणजे ६ मिमी जाडी आणि टोकाची उंची धरून ७ मिमी जायला १४ ते १५ सेकंद. हाताने फीड देत असाल तर हे सेकंद मनात मोजा, यासारखा सोपा मीटर नाही. पाच सेकंदांत होल झालं तर जोर जास्त होतोय, पुढचं ड्रिल मोडेल. मिनिट लागलं तर ड्रिल कापत नाही, घासतंय, आणि तेही मोडेलच, फक्त थोडं उशिरा. हात आखडता घेणं ही या कामातली सगळ्यात महागडी सवय आहे. ड्रिल लावून थांबायचं नाही, फिरत्या ड्रिलला तळाशी विसावा द्यायचा नाही.

ड्रिल वर-खाली करत मारायचं का? ६ मिमी म्हणजे व्यासाच्या दुप्पट खोली. एवढ्याला मी एका दमात जातो. प्रत्येक वेळी बाहेर काढून परत टेकवताना धारेला एक ठोका बसतो आणि मागे राहिलेली चिप खाली चिरडली जाते. व्यासाच्या तिपटीहून खोल असेल तर मग थोड्या टप्प्यांनी जावं लागतं, आणि दर वेळी हवेने होल साफ करूनच परत आत.

तेलाचं एकच तत्त्व आहे: एकसारखं द्या किंवा अजिबात देऊ नका. तापलेल्या कार्बाइडवर मधूनच पाण्याचा फवारा पडला की त्याला बारीक भेगा जातात. माझी पसंती पाणी न मिसळलेल्या कटिंग ऑइलला, ब्रशने सतत लावत. ते नसेल तर कोरडं, पण जोरदार हवा मारत. खोबरेल कोबाल्ट ड्रिलने स्टेनलेसमध्ये काम करताना बऱ्यापैकी निभावून नेतं, वंगण म्हणून ते वाईट नाही, पण या तापमानाला धुरतं आणि मागे चिकट थर ठेवतं.

जॉब धरण्याकडे सहसा लक्षच जात नाही. कडक केलेलं ब्लेड क्वचितच सपाट असतं, मध्ये एक-दोन दशांश मिलिमीटर बाक असतोच. ते नुसतं समांतर पट्ट्यांवर ठेवून दाबलं की मध्ये पोकळी राहते आणि ड्रिलच्या दाबाने ब्लेड स्प्रिंगसारखं खाली जातं. ड्रिल आरपार जाताच दाब सुटतो, ब्लेड उसळतं आणि ड्रिल मोडतं. तुमची तीनपैकी किती ड्रिलं अगदी शेवटी, बाहेर पडताना तुटली ते आठवून बघा. अंदाजाने सांगतो, निदान एक तरी. यावर उपाय म्हणजे ब्लेडच्या खाली १० मिमीची सपाट एमएस (साध्या मऊ स्टीलची) पट्टी ठेवायची, होलाच्या अगदी दोन्ही बाजूंना क्लॅम्प मारायचे आणि ड्रिल ब्लेडमधून त्या पट्टीत उतरू द्यायचं. शेवटचा एक मिलिमीटर फीड निम्मं करा, पण थांबू नका. आणि गॉगल घालाच. कार्बाइडचे तुकडे काचेसारखे उडतात. फिरत्या ड्रिलजवळ हातमोजे मात्र नकोत.

चिप्स बारीक सुयांसारख्या किंवा भुकटीसारख्या येतील, रंग पिवळसर ते निळा. ते ठीक आहे, उष्णता चिपबरोबर बाहेर पडतेय. ब्लेडवर होलाभोवती निळं कडं उमटायला लागलं तर ड्रिल बोथट झालंय, ते होल पूर्ण झाल्यावर लगेच बदला. असल्या मालात २५-३० होलांनंतर मी ड्रिल बदलतो, चांगलं दिसत असलं तरी. ड्रिल वाचवायच्या नादात ब्लेड जातं.

पिनेसाठी होल असेल तर आणखी एक अडचण. ड्रिलने मारलेलं होल थोडं मोठंच निघतं, दोन-चार शतांश मिलिमीटरने. ३ मिमीची डॉवेल पिन दाबून बसायला होल एच७ मापात हवं, म्हणजे ३.००० ते ३.०१०. ते नुसत्या ड्रिलने मिळणार नाही. २.९ ने ड्रिल करून कार्बाइड रीमर (होल नेमक्या मापाला आणणारं हत्यार), किंवा पितळी काडीला डायमंड पेस्ट लावून लॅपिंग, म्हणजे घासून माप काढणं. पिन ब्लेडमध्ये सैल चालणार असेल आणि घट्टपणा होल्डरच्या बाजूला देता येत असेल तर तसंच करा, निम्मी डोकेदुखी जाईल. आटे पाडायचे असतील तर तो विचार सोडा आणि मागून नट लावा. ६० एचआरसीत एम३ चा टॅप हे ड्रिलपेक्षा कितीतरी नाजूक प्रकरण आहे.

बेंच ड्रिलवर काही जुगाड चालतात, ते कुठपर्यंत चालतात तेही सांगतो. भिंतीत होल मारायचं विडिया टोकाचं बिट हिरव्या सिलिकॉन कार्बाइडच्या चाकावर धार लावून घेतलं की ते कडक स्टीलमध्ये खरंच जातं. मुळात त्याला कापायची धार नसते, ठोकायची बोथट कड असते. मागच्या बाजूला आठ-दहा अंशांचा उतार काढला की ती कड कापू लागते. धार लावताना तापलेलं टोक पाण्यात बुडवायचं नाही, भेग जाते. कमानपाट्याला, कोयत्याच्या पात्याला ५-६ मिमीचं ओबडधोबड होल हवं असेल तर हा उपाय बिनधास्त करा. शिवाय कमानपाटा सहसा ४० ते ४८ एचआरसीलाच असतो, तिथे कधीकधी चांगलं कोबाल्ट ड्रिलही काम करून जातं. पण ३ मिमीच्या पिनेच्या होलाला यातलं काही घेऊ नका. काचेसाठी मिळणारं भाल्याच्या आकाराचं ड्रिलही तसंच, एखाद-दुसरं होल देतं आणि माप देत नाही. डायमंड लावलेल्या पिना पाण्यात सावकाश फिरवून होल होतं खरं, पण तापलेल्या लोखंडात हिऱ्याचा कार्बन विरघळतो, म्हणून स्टीलमध्ये डायमंड लवकर झिजतो. एखादं होल थोडं मोठं करायला ठीक, १६० होलांना नाही.

होलाच्या जागी तापवून मऊ करायचं हा सल्ला तुम्हाला चार जण देतील. साध्या कार्बन स्टीलला किंवा ओएचएनएसला तो बरोबर आहे: जागा लाल करायची आणि राखेत किंवा चुन्यात पुरून सावकाश थंड होऊ द्यायची. करवतीच्या पात्यासारख्या पातळ पट्टीला तर चकात बोथट टोकाची सळई धरून जोरात फिरवत दाबली तरी घर्षणाने तेवढाच ठिपका मऊ होतो. पण डी२ हवेतच कडक होणारं स्टील आहे. गॅस कटरने ते चांगलं लालभडक केलं आणि बाहेर ठेवलं तर थंड होताना परत कडक होतं आणि या वेळी टेम्पर न केलेलं, म्हणजे ठिसूळ. मग ड्रिल तर लागत नाहीच, पिन ठोकताना ब्लेडला तडा जातो. डी२ ला करायचंच असेल तर अंधारात जेमतेम दिसेल असा मंद लाल, ६५० अंश सेल्सिअसच्या आसपास, त्याच्या वर नाही. तिथे काही मिनिटं धरायचं. कठीणपणा ४० ते ४५ एचआरसीवर उतरतो आणि मग कोबाल्ट ड्रिल चालतं. धारेची बाजू या वेळी पाण्यात किंवा ओल्या फडक्यात ठेवा. डी२ चं एक चांगलं, की ते २०० ते ५०० अंशांपर्यंत तापलं तरी कठीणपणा फारसा सोडत नाही, त्यामुळे धारेला थोडी ऊब लागली तर बिघडत नाही. ओएचएनएसला मात्र धारेवर निळा रंग चढला की ती धार उतरलीच. चार होलं एकमेकांच्या जवळ आणि धारेपासून २५-३० मिमीच्या आत असतील तर हा मार्ग मी घेत नाही.

आता १६० होलांचा हिशेब. कार्बाइड ड्रिलने करायची तर सहा-सात चांगली ड्रिलं, दोन जास्तीची, वर मिलिंगचं भाडं, आणि तरीही दोन-चार ब्लेडं बाद होतील असं धरून चाला. माझा स्पष्ट सल्ला, हे काम घाटावर पाठवा आणि ईडीएम ड्रिलवर करून घ्या. कोल्हापूरला शिरोली, गोकुळ शिरगावच्या बाजूला किंवा बेळगावला उद्यमबागेत टूलरूमचं काम करणाऱ्यांकडे हे मशीन मिळतं. पितळेची किंवा तांब्याची पोकळ नळी फिरते, आतून जोराने पाणी येतं आणि नळी व ब्लेड यांच्यातल्या ठिणग्या स्टील जाळत जातात. नळी ब्लेडला टेकतच नाही, त्यामुळे ब्लेड ६० एचआरसीचं असो की ३० चं, या मशीनला फरक पडत नाही. त्यातून वीज वाहिली म्हणजे झालं. ०.३ पासून ३ मिमीपर्यंतची होलं हे त्याचं रोजचं काम आहे आणि ६ मिमी जाडीला एक-दोन मिनिटांच्या आसपास लागतात.

देताना नीट सांगून द्या. ईडीएम ड्रिलचं होल गोल असतं, पण आतून खरखरीत असतं, वरच्या तोंडाला किंचित मोठं असतं आणि आतल्या भिंतीवर वितळून परत गोठलेला पातळ, ठिसूळ थर राहतो. स्क्रू जायच्या होलाला याने काही फरक पडत नाही. घट्ट पिनेला पडतो. म्हणून पिनेसाठी असं सांगा: प्रत्येक ब्लेडला आधी २ मिमीचं होल, मग ब्लेडं एकावर एक रचून वायरकटने (बारीक तारेच्या ठिणग्यांनी कापणाऱ्या मशीनने) ३.००० ते ३.०१० मापात. वायरकटमध्ये थप्पी लावता येते आणि सगळ्या ब्लेडांची होलं एकाच अंतरावर येतात. ईडीएम ड्रिलमध्ये मात्र थप्पी नको, दोन ब्लेडांच्या फटीतून पाण्याचा दाब निसटतो आणि नळी तिथेच अडखळते. थप्पी लावायला ब्लेडं स्वच्छ आणि गंजमुक्त हवीत, तेव्हा पाठवण्याआधी तेल लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळा. पावसाळ्यात उघड्या पिशवीतून पाठवलेली ब्लेडं घाट चढेपर्यंत तांबडी होतात.

पुढची ब्लेडं मात्र कडक करण्याआधीच होलं मारून घ्या. पुरवठादाराला ड्रॉइंग द्या, तो ऐकत नसेल तर अॅनील केलेली (मऊ केलेली) पट्टी स्वतः आणून होलं मारा आणि मग हार्डनिंगला द्या. मऊ डी२ मध्ये तुमचं हेच बेंच ड्रिल आणि साधं कोबाल्ट ड्रिल हजार-बाराशे फेऱ्यांवर नीट काम देईल. दोन्ही बाजूंना ०.३ मिमी चॅम्फर द्या, म्हणजे कड तिरकी मोडा, कारण कडक करताना तडा बहुधा होलाच्या तीक्ष्ण कडेतून सुरू होतो. होलाची कड ब्लेडच्या कडेपासून निदान दीड-दोन व्यास आत ठेवा. हार्डनिंगमध्ये माप थोडं सरकतं. ५० मिमी अंतरावरची दोन होलं ०.०२ ते ०.०५ मिमी इकडेतिकडे होऊ शकतात. म्हणून एक होल नेमकं गोल ठेवा आणि दुसरं थोडं लांबट खाचेसारखं करा, पिना आपोआप जुळतात. जमलं तर व्हॅक्यूम हार्डनिंग करून घ्या, आत पापुद्रा धरत नाही. आणि त्याहीआधी एकदा होल्डरचं ड्रॉइंग पुन्हा बघा. ब्लेडला कडेने पकडणारी खाच मऊ होल्डरमध्येच देता आली तर चारपैकी दोन होलं लागणारही नाहीत.

पाण्याबद्दल एक खास किनाऱ्याची गोष्ट. मिलिंगवाल्याकडे सोल्युबल ऑइल असेल आणि ते खाडीजवळच्या विहिरीच्या मचूळ पाण्यात कालवलेलं असेल तर मिश्रण फाटतं आणि त्यातल्या क्षारांनी ताजं कापलेलं होल एका रात्रीत गंजतं. कालवायला पागोळीचं साठवलेलं पाणी किंवा फिल्टरचं पाणी चांगलं. कार्बाइड ड्रिलंही पाण्यात भिजलेली डबीत टाकू नका. कार्बाइडचे कण कोबाल्टने बांधलेले असतात आणि ते कोबाल्ट ओलाव्याने हळूहळू निघून जातं. पुसून, तेलाचा हात लावून ठेवा.

राहिलं ते अडकलेलं टोक. त्यावर दुसरं ड्रिल चालवू नका, कार्बाइडवर कार्बाइड गेलं की दोन्ही जातात. ब्लेड उलटं करून होलाखाली मोकळी जागा राहील असं ठोकळ्यावर ठेवा. आरपार गेलेलं होल असेल तर मागून बारीक कडक पिनेने एकदोन नेमके ठोके द्या. कार्बाइड ठिसूळ असल्यामुळे आतच फुटतं आणि तुकड्यांनी बाहेर येतं. गॉगल आणि वर ओलं फडकं, दोन्ही हवं. होल आरपार गेलेलं नसेल तर ठोकून उपयोग नाही, ब्लेडच तडकेल. ते ब्लेड बाकीच्यांबरोबर ईडीएमला पाठवा. कार्बाइडमधूनही वीज वाहते, त्यामुळे ती नळी ड्रिलचं टोक आणि स्टील दोन्ही एकाच वेळी जाळून आरपार जाईल. फक्त त्या ब्लेडवर खडूने खूण करून द्या, म्हणजे चालवणारा तिथे वेग कमी ठेवेल.